येऊरचा नकाशा करायचाय? मग एप्रिलची इमेज घ्या

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या झाडांचा नकाशा करायचा असेल तर सगळ्यात फसवा महिना म्हणजे ऑक्टोबर. आणि बहुतेक लोक नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरचीच सॅटेलाइट इमेज उचलतात, कारण पाऊस संपलेला असतो, आभाळ मोकळं, हवेत धूळ नाही, इमेज अशी लख्ख येते की बघतच बसावं. पण त्या इमेजमध्ये डोंगर सगळा एकच हिरवा असतो. साग हिरवा, ऐन हिरवा, कारवीची झुडपं हिरवी, घाणेरी हिरवी, बंगल्यांची लॉन हिरवी. हिरवी नसते ती एकच गोष्ट, खेळायच्या मैदानावरची टर्फ. ती डोळ्याला हिरवीगार दिसते पण प्लास्टिक असल्यामुळे सॅटेलाइटच्या हिशोबात सिमेंटच्या पंगतीत जाऊन बसते, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी एकटीच हसले होते.

माझी नोकरी महापेला, नकाशांचीच, पण कंटाळवाण्या नकाशांची. पाण्याच्या पाइपलाइन, व्हॉल्व, रस्ते खोदायचे कुठे वगैरे. बॉटनी शिकून जीआयएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांच्या कामात आलेल्यांचं असंच होतं, झाडं सुटतात आणि नकाशाच्या शेपफाइल उरतात. तर शनिवार-रविवारी मी तेच नकाशांचं सॉफ्टवेअर, क्यूजीआयएस, घरच्या लॅपटॉपवर उघडते आणि येऊरचं जंगल कुठे कसलं आहे ते रंगवत बसते. घरच्यांना वाटतं ऑफिसचं काम चाललंय, मीही काही बोलत नाही.

आता जागा कुठली ते सांगते, कारण ठाण्याच्या बाहेरच्या लोकांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हटलं की बोरिवलीच आठवते. उद्यान सगळं मिळून साधारण 103 चौरस किलोमीटर, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग ठाणे जिल्ह्यात येतो. येऊर, मानपाडा, चेना, घोडबंदरची बाजू, हे सगळं आपल्याकडचं. पाऊस वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, पण तो सगळा चार महिन्यांत, आणि मग आठ महिने जवळपास कोरडे. हे आठ महिने लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्यांच्यातच आहे.

कसलं जंगल आहे याचं सरकारी उत्तर तयार आहे. हॅरी चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने 1936 साली भारत आणि ब्रह्मदेशाच्या जंगलांची वर्गवारी केली, पुढे 1968 साली चॅम्पियन आणि सेठ यांनी ती सुधारली, त्यात 16 मोठे गट आहेत आणि आजही वनखात्याच्या कुठल्याही वर्किंग प्लॅनमध्ये तेच कोड दिसतात. आपलं येऊर बहुतेक सगळं 3बी मध्ये, म्हणजे दक्षिणेकडचं दमट पानझडी जंगल. त्यात सी1 म्हणजे सागवाला, सी2 म्हणजे मिश्र. खाडीच्या बाजूला खारफुटीचा 4बी. वर्गवारी उत्तम आहे, मला तिच्याबद्दल आदरच आहे, चॅम्पियनच्या काळी सॅटेलाइट नव्हते, माणसांनी पायी हिंडून केलेलं काम आहे ते. पण ती देशाच्या मापाची आहे हो. उपवनहून वर चढताना अर्ध्या तासात तुम्ही किमान चार वेगळ्या प्रकारच्या झाडोऱ्यातून जाता आणि कोड सगळीकडे 3बीच राहतो.

दुसरं सरकारी उत्तर देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाचं. ते 1987 पासून साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनाच्छादनाचा अहवाल काढतात. त्यांची व्याख्या सोपी आहे, एक हेक्टर किंवा जास्त जागा आणि झाडांच्या माथ्यांची सावली 10 टक्क्यांहून जास्त, की झालं वनाच्छादन. 40 टक्क्यांपर्यंत विरळ, 70 पर्यंत मध्यम, त्याच्या पुढे अतिघनदाट. झाड कुठलं, लावलेलं की आपोआप आलेलं, जमीन कुणाची, हे विचारायचंच नाही. आमराई पण चालते, नारळाची वाडी पण चालते. लोक यावरून त्यांना शिव्या घालतात ते मला पटत नाही, त्यांनी सावली मोजायची ठरवली आणि ते सावली मोजतात, आणि सावली मोजायला पानं झाडावर असतानाची इमेजच लागते, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर त्यांच्यासाठी बरोबरच आहे. घोळ पुढे होतो. आपण तो नकाशा बघून म्हणतो, बघा येऊर कसं गडद हिरवं आहे, म्हणजे जंगल मजेत आहे. गडद हिरव्यात ऑस्ट्रेलियन बाभूळ पण आली आणि जांभूळ पण आलं, आणि त्या दोघांचं जंगलात एकच काम नाही.

बरं, ऑक्टोबर का फसवतो? पान तांबडा प्रकाश खातं आणि डोळ्याला न दिसणारा निअर इन्फ्रारेड परत फेकतं. या दोघांच्या फरकाला बेरजेने भागलं की एनडीव्हीआय येतो, उणे एक ते एकच्या मधला आकडा, जितका वर तितकी हिरवाई जास्त. हे सगळे वापरतात आणि चांगलंच आहे. पण पानांचे थर एका मर्यादेपलीकडे गेले की हा आकडा वर चढायचाच थांबतो. सागाचं रान आणि कमरेएवढी माजलेली कारवी, दोन्ही 0.8 च्या आसपास जाऊन चिकटतात. मशीनला, म्हणजे नकाशा रंगवणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगितलं की बाई यांच्यातला फरक सांग, तर ती काय सांगणार, तिच्यापुढे दोन सारखेच आकडे आहेत. युरोपियन लोकांच्या सेंटिनेल-2 सॅटेलाइटमध्ये रेड एजचे, म्हणजे तांबडा आणि इन्फ्रारेड यांच्या सीमेवरच्या प्रकाशाचे, जादा बँड आहेत, ते थोडी मदत करतात, पण ते 20 मीटरचे, आणि थोडी म्हणजे थोडीच.

म्हणून रंग नाही, वेळ बघायची. कोण कधी कपडे उतरवतो ते बघायचं.

शेमट आणि काटेसावर सगळ्यात आधी मोकळे होतात, डिसेंबर-जानेवारीतच. पांगारा पण त्यांच्याच मागोमाग. म्हणजे जानेवारीच्या इमेजमध्ये जे ठिपके आधीच राखाडी झालेत तिथे हे लोक असण्याची शक्यता जास्त, आणि हे बहुतेक खडकाळ, कमी मातीच्या उतारावर. मग साग. सागाचं पान मोठं, झडतं तेव्हा आवाज करून पडतं, फेब्रुवारीपासून तो रिकामा व्हायला लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये नुसत्या काठ्या. ऐन थोडा रेंगाळतो, पण एप्रिलमध्ये तोही बहुतेक उघडा. पळस जानेवारी-फेब्रुवारीत पानं टाकतो, फुलतो, आणि एप्रिल संपता संपता परत हिरवा व्हायला लागतो, तेव्हा साग अजून झोपलेलाच असतो, साग पाऊस आल्याशिवाय काही नीट जागा होत नाही. आणि ओढ्याच्या कडेला जे आहेत, जांभूळ, उंबर, आंबा, करंज, ते भर एप्रिलमध्ये पण हिरवे. करंज मध्येच पानं बदलतो आणि असा पोपटी होतो की लांबून ओळखू येतो.

आता हे असं चार-पाच तारखांच्या इमेज एकावर एक ठेवून बघितलं की तो एकसारखा हिरवा डोंगर फुटतो. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, एप्रिलअखेर, आणि जमली तर जूनच्या पहिल्या पावसानंतर ढगांच्या फटीतून मिळालेली एखादी. सेंटिनेल-2 ची जोडी मिळून दर पाच दिवसांनी एक चक्कर मारते, पिक्सेल 10 मीटरचा, आणि डेटा फुकट. फुकट म्हणजे खरंच फुकट, ईमेल देऊन अकाउंट काढायचं की झालं. जून ते सप्टेंबर मात्र विसरा, ढगच ढग. तेव्हा ढगाच्या आरपार बघणारं रडार असतं, सेंटिनेल-1, पण रडारची इमेज डोंगराळ भागात वाचायची म्हणजे वेगळीच डोकेदुखी, त्यात मी आज जात नाही.

एप्रिलअखेरची येऊरची इमेज उघडली की पहिल्यांदा दिसतात ते ओढे. पाणी नसतं त्यात, पण पाण्याच्या वाटेवरची झाडं हिरवी राहिलेली असतात, आणि सगळ्या तपकिरी डोंगरावर हिरव्या फांद्यांसारखी नक्षी उमटते. हातात टोपोशीट, म्हणजे डोंगर-ओढे दाखवणारा सरकारी नकाशा, नसली तरी ओढ्यांचं जाळं काढता येईल इतकी स्वच्छ. माझ्या मते येऊरमध्ये सगळ्यात जपून ठेवण्यासारखं जे आहे ते हेच, ही वीस-तीस मीटर रुंदीची पट्टी. उन्हाळ्यात सावली तिथे, फळं तिथे, माकडं तिथे, बिबट्याही दुपारी कुठे पडत असेल तर अशाच ठिकाणी. आणि याहून जाड, 23.5 मीटरच्या पिक्सेलवर काम केलं, ऑक्टोबरची इमेज घेतली, की ही पट्टी नकाशातून साफ गायब.

पण एप्रिल म्हणजे काही जादू नाही, त्यात वेगळा घोळ आहे. एप्रिलमध्ये हिरवं कोण कोण असतं? ओढ्याकाठचे, ते झालं. शिवाय ऑस्ट्रेलियन बाभूळ, जी बारा महिने हिरवी. शिवाय बंगल्यांमधले आंबे आणि शोभेची झाडं, ज्यांना टँकरने पाणी मिळतं. शिवाय झाडाखालची घाणेरी, जी वरची पानं गळाली की अचानक सॅटेलाइटला दिसायला लागते. हे सगळे मशीन एकाच डब्यात टाकते आणि डब्याला नाव देते सदाहरित. म्हणजे लावलेल्या परदेशी झाडांचा पट्टा आणि ओढ्याचं जुनं जांभूळवन एकाच रंगात. असा नकाशा कुणी भिंतीवर लावला तर बघायला फार सुंदर दिसेल.

यावर उपाय म्हणजे उंचीचा डेटा सोबत द्यायचा. इस्रोच्या भुवन वेबसाइटवर कार्टोसॅट सॅटेलाइटवरून बनवलेला उंचीचा नकाशा मिळतो, नाहीतर नासाच्या एसआरटीएमचा 30 मीटरचा आहेच. त्यावरून पाणी कुठून वाहतं ते काढायचं, आणि प्रत्येक पिक्सेल ओढ्यापासून किती लांब आणि किती वर ते मशीनला सांगायचं. हिरवा आहे आणि ओढ्याला चिकटून आहे तर जांभूळ-करंजाची मंडळी, हिरवा आहे पण टेकाडाच्या पाठीवर आहे तर संशय घ्या. रस्त्यापासूनचं अंतर पण दिलं तर बंगले बऱ्यापैकी वेगळे निघतात. गिरिपुष्प मात्र याने सापडत नाही, तो जानेवारी-फेब्रुवारीत पानं टाकून गुलाबी फुलतो आणि मिश्र पानझडीत बेमालूम मिसळतो. त्याला शोधायचं तर फुलांच्या दिवसांत वर जायचं आणि डोळ्यांनी बघायचं, दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

डोळ्यांनी बघायचं यावरच सगळं अडतं. मशीनला आधी दाखवावं लागतं की हा साग, हा मिश्र, ही कारवी, मग ती बाकीचा डोंगर त्याप्रमाणे रंगवते. हे दाखवण्याचे पॉइंट पायी फिरूनच घ्यावे लागतात. राष्ट्रीय उद्यान आहे, 1972 चा वन्यजीव कायदा लागू आहे, तेव्हा अभ्यासासाठी वाटेवेगळं आत फिरायचं तर लेखी परवानगी, आणि ती मिळेपर्यंत धीर. पान तोडायचं नाही, फांदी तर नाहीच. ड्रोन उडवायचा विचार पण करू नका, मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं.

परवानगीच्या कागदांबरोबर मला मिळाले काका. पाड्यावरचे, वारली, वय साठीच्या पुढे, वनखात्याच्या वाटाड्या कामावर बरीच वर्षं काढलेली. पहिल्या दिवशी मी जीपीएस काढून एका मोठ्या झाडाखाली उभी राहिले आणि फॉर्मवर लिहायला लागले, तर काका म्हणाले, "ताई, इथं नको लिवू. हा एकलाच हाय. तुला जे पायजे ते वर हाय." आणि खरंच, तो एकटा हेदू होता, चारी बाजूंनी सागात अडकलेला. पिक्सेल 10 मीटरचा, मोबाइलचा जीपीएस झाडाखाली आणि उतारावर सहज दहा मीटर इकडेतिकडे दाखवतो, म्हणजे पॉइंट असा घ्यावा लागतो की चारी बाजूंनी किमान तीस मीटर तरी एकाच प्रकारचं रान असेल. हे पुस्तकात लिहिलेलं असतं. काकांनी पुस्तक वाचलेलं नाही, त्यांना फक्त कळलं की मला एक झाड नकोय, रान हवंय.

त्यांच्याबरोबर मार्चमध्ये एक कोशिंब बघितला तो सांगायलाच हवा. काही लोक कुसुंब म्हणतात, तोच. अंगापिंडाने चांगला मोठा, आणि अख्खं झाड लाल. फुलं नाहीत, पालवी. नवी पानं इतकी तांबडी आणि इतकी लुसलुशीत की बोटात धरली तर ओली वाटतात, देठाकडे गडद दारूच्या रंगाची आणि टोकाकडे तांबूस-पिवळी, उन्हाकडे धरली की शिरा स्पष्ट दिसतात. खाली जुनी पानं पडलेली, त्यावर मुंगळ्यांची रांग. मी फोटो काढत बसले आणि काका विडी न पेटवता हातात धरून उभे (जंगलात पेटवत नाहीत ते, मार्चमध्ये तर नाहीच). मग घरी येऊन त्याच आठवड्याची इमेज उघडली तर त्या जागी एनडीव्हीआय पडलेला. झाड पानांनी भरलेलं आणि सॅटेलाइट सांगतोय की वाळलंय. कारण लाल पान तांबडा प्रकाश खात नाही, परत फेकतं, आणि सगळं गणित तिथेच उलटं होतं. दोन-तीन आठवड्यांत पानं हिरवी होतात आणि आकडा परत उसळतो. हा खड्डा आणि उसळी, नेमकी मार्चमध्ये, हीच कोशिंबाची सही आहे. एखाद-दुसऱ्या झाडावर ती दिसत नाही, शेजारच्यांमध्ये मिसळून जाते, पण तीन-चार कोशिंब जवळजवळ असले की दिसते.

उलटा प्रकार सागाचा. ऑगस्टपासून सागावर एक अळी येते, ती पानाचा हिरवा भाग खाते आणि शिरांची जाळी तेवढी ठेवते. ज्या वर्षी जास्त येते त्या वर्षी ऑक्टोबरमध्येच सागाचे पट्टे तपकिरी पडतात. बाकी सगळं हिरवंगार असताना मध्येच वाळका पट्टा दिसला की मशीन त्याला विरळ जंगल म्हणते. माणसं पण म्हणतात, व्हॉट्सअपवर फोटो येतात, येऊरची झाडं मेली म्हणून. मेली वगैरे काही नाहीत, पुढच्या पावसात परत ताडपत्रीएवढी पानं काढतात.

सावली हा आणखी एक वैताग. सेंटिनेल आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो, आणि थंडीत त्या वेळी सूर्य आग्नेयेकडे, खाली. त्यामुळे ठाण्याकडे तोंड केलेला उतार उजळ दिसतो आणि डोंगरापलीकडचा, तुळशी तलावाच्या दिशेचा उतार काळपट. तेच झाड, तोच महिना, दोन वेगळे आकडे. जानेवारीची इमेज वापरायची तर ही दुरुस्ती केल्याशिवाय वापरू नये. आणि मार्च-एप्रिलमध्ये वणव्याचे काळे डाग. आपल्याकडे वणवे बहुतेक माणसांनीच लावलेले असतात, कुणी गवतासाठी, कुणी सिगरेट टाकून, कुणी उगाच. तो काळा डाग मशीनला कधी सावली वाटतो, कधी कातळ, कधी चक्क पाणी. शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा बँड बघितला की कळतं, जळालेलं तिथे वेगळं उठून दिसतं. मी वणव्याचा वेगळा लेयरच ठेवलाय. तो झाडोऱ्याचा प्रकार नाही, तिथल्या झाडांवर त्या वर्षी गुदरलेली आपत्ती आहे, तिला वर्गात जागा द्यायचीच नाही.

आता अचूकतेबद्दल थोडं कडू बोलते. विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट माझ्याकडे बघायला येतात, आणि प्रत्येकात अचूकता नव्वदीच्या वर. येऊरमध्ये नव्वदीच्या वर! मग मी विचारते तपासणीचे पॉइंट कुठून घेतले, तर उत्तर येतं की सगळे पॉइंट एकत्र केले, सत्तर टक्के शिकवायला, तीस टक्के तपासायला, सॉफ्टवेअरने आपोआप वाटले. अरे पण मग एकाच सागाच्या पट्ट्यातले दहा पॉइंट, सात शिकवायला गेले, तीन परीक्षेला. उत्तरपत्रिका शेजारीच ठेवलेली आहे की. परीक्षेचे पॉइंट वेगळ्या टेकडीवरचे घ्या, शिकवलं येऊरला तर तपासा चेन्याला, मग बघा आकडा कुठे येतो. तो खाली येतो, आणि तोच खरा असतो. आणि एकूण आकड्यापेक्षा तक्ता बघावा, कोण कोणात मिसळतंय. साग आणि मिश्र पानझडी एकमेकांत मिसळले तर मला फार वाईट वाटत नाही, जंगलातही ते मिसळलेलेच आहेत. पण ओढ्याकाठचं आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ मिसळले तर तो नकाशा मी कुणाच्या हातात देणार नाही, कारण त्यावरून कुणी ठरवलं की इथली परदेशी झाडं काढायची, तर काय तोडलं जाईल विचार करा.

हा प्रश्न हवेतला नाही. 2016 च्या डिसेंबरमध्ये उद्यानाभोवती इको सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला, कुठे 100 मीटर, कुठे चार किलोमीटरपर्यंत. ठाणे-बोरिवलीचा जुळा बोगदा उद्यानाच्या पोटातून जातोय. झाडं तोडणं, लावणं, हटवणं यावर बैठका होत राहणार, आणि बैठकीत नकाशा ज्याच्याकडे असतो त्याचं बोलणं जरा जास्त ऐकलं जातं, हे मी नोकरीत रोज बघते.

खाडीकडचं विचारतात लोक, फ्लेमिंगो अभयारण्याचं पण करा ना म्हणून. ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 चं, 2022 ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, नकाशा करायला मोह होतोच, त्यात ऐरोलीचा पूल मी रोज ओलांडते. पण तिथलं गणित अगदी वेगळं. तिवर बारा महिने हिरवा, पानगळीचं सगळं शास्त्र तिथे बिनकामाचं, तिथे भरती-ओहोटी बघावी लागते. भरतीची इमेज घेतली तर कडेची छोटी रोपं पाण्याखाली, ओहोटीची घेतली तर चिखल आणि शेवाळ हिरवट दिसून खारफुटीत घुसतं. शिवाय बहुतेक ठिकाणी तिवरच तिवर, वर्ग पाडायला तितकी मंडळी नाहीत. ते काम चांगलं आहे पण ते माझं नाही.

माझं सध्याचं डोकं खाल्लंय ते कारवीने. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी सगळी मिळून फुलते, बी धरते आणि मरते. आपल्याकडे मोठा बहर 2016 ला आला आणि नंतर 2024 ला. 2024 ला वर गेलेल्यांना आठवत असेल, उतारच्या उतार जांभळे आणि मधमाश्यांचा आवाज. फोटो सगळ्यांनी काढले. पण नकाशाच्या दृष्टीने खरी गंमत त्यानंतर. फुललेल्या कारवीची त्या उन्हाळ्यात वाळलेली काठी उरते, बोंडं तडकून बी उडतं, आणि नवी रोपं येतात ती पुढच्या पावसात. म्हणजे 2023 च्या ऑक्टोबरमध्ये जो उतार गच्च हिरवा होता तिथे 2025 च्या ऑक्टोबरमध्ये वीतभर रोपं आणि गवत. ऑक्टोबरला मी वर एवढ्या शिव्या घातल्या, पण या एका कामाला ऑक्टोबरच पाहिजे, दोन्ही वर्षांचा, आणि दोघांची वजाबाकी. जिथे आकडा पडला आणि झाडं तोडल्याची काही खूण नाही, तिथे कारवी. झाडांखालची कारवी यात येत नाही, वरून दिसतच नाही ती, पण उघड्या उतारावरची येते. शिवाय सगळे उतार एकाच वर्षी फुलत नाहीत, काही पट्टे एखादं वर्ष मागेपुढे असतात, काकांच्या म्हणण्याप्रमाणे चेन्याच्या बाजूचा एक उतार "आपला आपला चालतो". तो कुठला ते पावसानंतर दाखवतो म्हणालेत.

तर मदत पाहिजे. 2024 मध्ये आणि त्याहून जास्त म्हणजे 2016 मध्ये ज्यांनी येऊर, मामा-भांजे, मानपाडा, चेना इथे फुललेल्या कारवीचे फोटो काढलेत आणि मोबाइलचं लोकेशन चालू होतं, त्यांनी ते फोटो मला पाठवा. माणसं फोटोत असली तरी चालतील, मी फक्त जागा आणि तारीख घेणार. एकच करा, व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवू नका, त्यात लोकेशन उडून जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेल करा, आणि फुलं लांबून अंगठ्याएवढीच दिसत असतील तरी हरकत नाही, उतार कुठला ते कळलं की झालं.